खालून वाचा, मॅडम

राठोड सर एरर वाचत नसत, ऐकत. कोणाच्याही पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग कोसळला की ते शेजारी स्टूल ओढून बसत, चष्मा काढून खिशात ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "वाचा." आपण वरून सुरुवात केली की डोळे न उघडताच हात हलवत. "खालून वाचा, मॅडम. वरतं सारं रडगाणं असते. दुखणं शेवटच्या ओळीत असते."

उमरखेडच्या बसस्टँडमागे दुसऱ्या मजल्यावर त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळी शिकवणी आणि दुपारी वेबसाइटची किरकोळ कामं. मी नेरची, नुकतीच बीएस्सी झालेली, नोकरी मागायला गेले होते. त्यांनी मार्कशीट पाहिलीच नाही. मला एका बंद पडलेल्या प्रोजेक्टसमोर बसवलं आणि डोळे मिटले. मी वरून वाचायला लागले, चाळीस ओळींचं रडगाणं प्रामाणिकपणे म्हणून दाखवलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत पोचेस्तोवर चहा आला. सर हसले. "धीर आहे तुमच्यात. सोमवारपासून या." तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. लग्न केलेलं नव्हतं. फुलसावंगीजवळच्या तांड्यावर आई आणि भाऊ असत. शनिवारी ते मोटारसायकलने तिकडे जात आणि सोमवारी डब्यात आईच्या हातची भाकर घेऊन परत येत. आईला ते याडी म्हणत. "आज याडीनं मॅडमसाठी बी बांधून देल्ली," असं म्हणून अर्धी भाकर माझ्यापुढे ठेवत. मला नको असली तरी ती खावी लागे.

आमच्याकडे एक दुखणं नेहमीचं होतं. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतली पुष्कळ पॅकेजेस, म्हणजे आयते प्रोग्राम, स्वतः चित्र काढत नाहीत, नुसते हुकूम सोडतात. रेघ ओढणारा, फोटो उलगडणारा, अक्षर बसवणारा कारागीर म्हणजे एक वेगळी लायब्ररी, आणि ती मशीनमध्ये आपण बसवावी लागते. पॅकेज बिनतक्रार उतरतं, पोरं खूश होतात आणि पहिला फोटो टाकला की सगळं आडवं होतं. सर म्हणत, "कुकर आनला, शिटी बी आनली. गॅस कोन आनन?" मग ते त्या लायब्ररीचं नाव सांगत आणि जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने टिपून ठेवत. शेवटची ओळ काय होती, उपाय काय केला. अशी बारा-पंधरा कॅलेंडरं खिळ्याला लटकत होती. एक तर चुकून पुढच्या वर्षाचं होतं, तेही त्यांनी तसंच वापरून टाकलं होतं.

त्यांना एकाच वाक्याचा राग होता. "माह्याकडं चालून राह्यलं," असं कोणी म्हणालं की त्याचा त्या दिवशीचा चहा बंद. "तुह्याकडं चालते तं का तुलेच वापराचं आहे का?" या नियमापायी मी पहिल्या महिन्यात चार चहा गमावले.

बोंडअळीने कपाशी पोखरून टाकली त्या वर्षी अमरावतीच्या एका लहान संस्थेने आम्हाला काम दिलं. शेतकऱ्याने मोबाइलवरून बोंडाचा फोटो पाठवायचा, नाव आणि गट नंबर भरायचा आणि साइटने त्याचा भरपाईचा एका पानाचा अर्ज पीडीएफ करून द्यायचा. एक सोपं पॅकेज होतं, त्याला कसलीच वेगळी लायब्ररी लागत नव्हती. पण त्यात आपली जोडाक्षरं मोडून पडत. सर अडून बसले. "आधीच बोंड फुटलं नाही. आता कागदावर नाव बी फुटकं द्याचं का त्याले?" म्हणून आम्ही अवघड पॅकेज घेतलं. सरांच्या लॅपटॉपवर पहिल्याच दिवशी पान सुरेख उमटलं.

सोमवारी चार वाजता संस्थेला साइट दाखवायची होती. सकाळी मी सगळं सर्व्हरवर चढवलं आणि ते आडवं झालं. कॅलेंडरं पालथी घातली. या पॅकेजची नोंदच नव्हती. सरांच्या लॅपटॉपवर ती लायब्ररी कधीकाळी बसवलेली होती, म्हणून तिथे चाललं आणि म्हणून लिहायचं राहिलं. जी चूक ते आम्हाला करू देत नसत, ती त्यांच्याच हातून झाली होती.

त्या सोमवारी ते सुट्टीवर होते. भावाचा हात मोडला होता आणि फवारणी अडली होती, म्हणून ती ते स्वतः करत होते. मीच फोन केला. पलीकडे पंपाची घरघर थांबली. मी सांगितलं, आणि वर हसून म्हणाले, "सर, आज तुमचा चहा बंद."

तेही हसले. "बरोबर आहे. येतो."

"फोनवरच सांगा ना."

"नाही. माही चूक आहे. येऊनच काढतो."

बारा वाजता आले. कपडे बदलले होते, केसांना मात्र औषधाचा उग्र वास होता. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. वर मारलेला फवारा मारणाऱ्याच्याच तोंडावर उतरे. डोळ्यांतून पाणी गळत होतं, शर्ट घामाने चिकटला होता.

"सर, डोळे आले का?"

"वास बसला असंन. वाचा."

स्टूल ओढून बसले, चष्मा खिशात घातला, डोळे मिटले. रोजच्यासारखं. मी घाईत वरून वाचायला लागले, त्यांनी हात हलवला. मग मी शेवटची ओळ वाचली. अक्षरं आणि रेघा काढणारी लायब्ररी सापडत नाही. त्यांनी ती आणि तिला लागणाऱ्या इतर, अशी एकामागून एक चार नावं सांगितली, न अडखळता, मिटल्या डोळ्यांनी. मी टाइप केली आणि सर्व्हर पुन्हा सुरू केला. पान उमटलं. किडक्या बोंडाचा फोटो, खाली गट नंबर आणि वर एका ज्ञानेश्वरचं अख्खं नाव.

"जोडाक्षर बरोबर आलं का, मॅडम?"

मला गंमत वाटली. पान समोरच होतं. "डोळे उघडून बघा की."

"उघडेच आहेत," ते म्हणाले. "अंधारल्यासारखं होऊन राह्यलं. तुमी सांगा."

मी वळून पाहिलं. डोळे खरंच उघडे होते. ते रुमालाने सारखं तोंड पुसत होते. "पानी द्या जराक. लाळ थांबून नाही राह्यली."

मी पाणी दिलं. "पित्त झालंय तुम्हाला, घरी जाऊन झोपा," असंही म्हणाले. तेवढ्यात अमरावतीच्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला आणि मी त्यांच्याकडे पाठ फिरवली. ते कठड्याला धरून जिना उतरले, तो आवाज मला ऐकू आला. मी त्या बाईंना सांगत होते की सगळं व्यवस्थित चाललं आहे.

चारला साइट दाखवून झाली. सगळ्यांना आवडली. पाचला खालचा चहावाला वर सांगायला आला. सर त्याच्या बाकावर आडवे झाले होते, हातपाय थरथरायला लागले, त्यानेच ऑटोत घालून दवाखान्यात नेलं होतं. तिथून त्यांना यवतमाळला हलवलं. फवारणीचं विष अंगात भिनलं होतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. त्या हंगामात कितीतरी घरांत हेच झालं, पण मला ते एकच घर दिसतं.

मी तांड्यावर गेले. याडी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. "तू मॅडम ना? भाकर तुह्यासाठी बांधत जाओ मी." मग माझा हात धरून विचारलं, "आखरीले तुह्याच जवळ बसला होता. काही बोलला का माय?"

मी म्हणाले, "काम जमलं म्हणून खूश होते."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली.

आता क्लास मी चालवते. कॅलेंडरं अजून खिळ्याला आहेत. त्या पॅकेजची नोंद मी माझ्या अक्षरात केली आहे, चारही नावांसकट. नव्या पोरी वरून वाचायला लागल्या की माझाही हात आपोआप हलतो.

याडी मागल्या उन्हाळ्यात वारल्या. त्यांना मी खरं सांगितलं नाही. तुमचा लेक मला म्हणाला होता की दिसत नाही, लाळ थांबत नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने शेवटची ओळ वाचून दाखवली होती, याडी. मी ती ऐकली, आणि फोन उचलला.