केज ते नॉर्वे: सोबत ड्रायसूट आणि एक जादा गळपट्टी

बारावीचे पेपर तपासून गठ्ठा बांधला आणि प्रज्ञाला फोन लावला. प्रज्ञा माझी धाकटी बहीण. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर माशांच्या रोगांवर काम करते. दोन वर्षांपूर्वी तिनंच मला तिथल्या गार पाण्यात डायव्हिंग शिकवलं होतं.

"ये ना ताई," ती म्हणाली. "पण मी काही उतरणार नाही. तू जा पाण्यात, मी काठावर बसते."

कारण मला माहीत होतं. मागच्या हिवाळ्यात पाण्याखाली तिच्या सूटाची गळपट्टी फाटली आणि बर्फासारखं पाणी छातीपर्यंत आत घुसलं. डायव्हिंगच्या जोडीदारानं तिला सुखरूप वर आणलं, पण तेव्हापासून तिचा सूट खुंटीवरच आहे. मी त्याच रात्री ठरवलं की जायचं, आणि हिला पाण्यात उतरवूनच परतायचं. व्हिसासाठी मुंबईची एक फेरी होतेच, ती उरकून टाकली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ड्रायसूट म्हणजे आत पाणी येऊ न देणारा, पायातल्या बुटांसकट अंगभर चढवायचा सूट. त्याची सगळी भिस्त तीन पट्ट्यांवर, म्हणजे सीलवर असते: एक गळ्याला, दोन मनगटांना. पातळ रबराचं, म्हणजे लेटेक्सचं, किंवा सिलिकॉनचं सील कातडीला घट्ट चिकटून पाणी अडवतं. ते फाटलं की सूट असून नसल्यासारखा. केजच्या मे महिन्यात रबर तसंही टिकत नाही. माझा सूट म्हणूनच पत्र्याच्या पेटीत ठेवत नाही. सगळ्यात गार खोलीत, सीलांना बिनवासाची टाल्कम पावडर लावून, सैल गुंडाळून ठेवते.

जादा सील नेणं ही या प्रवासाची पहिली अट. पूर्वी सील गोंदानं चिकटवायचे, आता बऱ्याच सूटांत ते प्लास्टिकच्या कड्यात दाबून बसवता येतं. गोंदाची भानगड टाळलेलीच बरी, कारण पंक्चरच्या सोल्यूशनसारखे पेट घेणारे गोंद विमानात चालत नाहीत. मी एक गळपट्टी आणि दोन मनगटपट्ट्या डब्यात सपाट ठेवल्या, वर काही दाबलं नाही. सूट आणि डबा दोन्ही हातातल्या बॅगेत. सामान हरवलं तर बाकीचं तिथं भाड्यानं मिळतं, पण माझ्या उंचीचा सूट मिळत नाही. सूटाची चेन मेण लावून उघडी ठेवली, कारण घडी पडली की ती कायमची जाते. सील मापाला कापायची कात्री तेवढी चेक-इनमध्ये.

"कावून जायचं पण एवढ्या गार पाण्यात?" आईनं निघताना विचारलं.

"प्रज्ञासाठी."

आईनं लसणाच्या चटणीची पुडी आणखी एका पिशवीत गुंडाळून माझ्या हातात दिली.

केजहून भाड्याची गाडी मांजरसुंबा, पाटोदा, जामखेड करत निघाली. कडा गावात चहासाठी थांबलो. गाडीची डिकी तापून तव्यासारखी होते, म्हणून बॅग घेऊनच हॉटेलात शिरले आणि पंख्याखालच्या खुर्चीवर ती ठेवली.

"लई जपता बॅगेला," गल्ल्यावरचे काका म्हणाले. "काय हाय त्यात?"

"पाण्यात घालायचे कपडे आहेत. उन्हानं खराब होतात."

काकांनी बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं. "आमच्याकडं कपडे हायेत, पाणीच न्हाई," ते म्हणाले आणि पंखा माझ्या बाजूला वळवला. भजी चांगली होती. पुढं नगर सोडल्यावर रस्ता सरळ आहे, पण पुणे-मुंबईचा भरवसा धरू नका, हाताशी वेळ ठेवा.

मुंबईच्या विमानतळावर तपासणीत बॅग अडली. पडद्यावर बूट घातलेले दोन पाय दिसत होते. तपासणीच्या बाई मराठीच निघाल्या.

"मॅडम, आत माणूस आहे का?"

"ड्रायसूट आहे. तो घालून पाण्यात उतरलं तरी आतले कपडे कोरडे राहतात."

"मग उतरायचं कशाला?" त्या हसल्या. मी त्यांना सूटाचा फोटो दाखवला आणि गळ्याची पट्टी नखानं ओढू नका, एवढीच विनंती केली. त्यांनी हातमोजे घालून अलगद तपासलं. असा फोटो मोबाईलमध्ये ठेवाच, अर्धं बोलणं वाचतं.

दोन विमानं बदलून बर्गनला उतरले. प्रज्ञाचं गाव तिथून गाडीनं आणि मग फेरीबोटीनं. जेवणात बटाटे आणि मासे. चटणीची पुडी पहिल्याच दिवशी अर्धी झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिचा सूट खुंटीवरून काढला. गळ्याचं फाटकं लेटेक्स अजून तसंच होतं, चिकट झालेलं, बोट लावताच आणखी तुटलं.

"बघ," प्रज्ञा म्हणाली, आणि तिच्या आवाजात सुटका होती. "सीलच गेलंय."

आमचे दोघींचे सूट एकाच बनावटीचे आहेत. मी डबा उघडला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर सूट पसरला आणि माझ्याकडची जादा गळपट्टी तिच्या कड्यात दाबून बसवली. मनगटांच्या पट्ट्या तिनं त्या अपघाताच्या थोडं आधीच बदललेल्या होत्या. सूट तयार झाला.

प्रज्ञानं नवी गळपट्टी बोटांनी चाचपली. "सीलचं नाही गं, ताई," ती म्हणाली. "मला भीती वाटते."

यावर माझ्या डब्यात काही नव्हतं. मी चहा टाकला. ती मग त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा सविस्तर बोलली. थंडीपेक्षा, आपण दगडासारखे तळाला जाणार या विचारानं ती गारठली होती.

तिच्या डायव्हिंग क्लबच्या प्रशिक्षक इंग्रिड यांना आम्ही बोलावलं. त्यांनी उपाय सांगितला तो सोपा आणि जरा निर्दय होता: कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, खाली बसायचं आणि आपल्याच हातानं गळपट्टी सैल करून पाणी आत घ्यायचं.

प्रज्ञानं ते केलं. तोंडातून एक शिवी आली, अगदी केजची. पण ती बुडाली नाही. आत शिरलेलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकंच जड, ते खाली ओढत नाही. अंगावरच्या तरंगायच्या जॅकेटमध्ये हवा भरली आणि ती आरामात तरंगली. बाहेर येताना मात्र पाय जड झाले, तेव्हा मी आणि इंग्रिडनी हात दिला. आत घालायचे उबदार कपडे दोन जोड न्या, ते असे उपयोगी पडतात.

"अजून एकदा," प्रज्ञा थरथरत म्हणाली. आणि परत गेली.

सूट वाळल्यावर आम्ही तिघी खऱ्या पाण्यात उतरलो. खाली समुद्री शेवाळाचं दाट रान, उसाच्या फडासारखं, फक्त हलणारं. त्यातून चांदीसारखे मासे. प्रज्ञा माझ्या शेजारी होती आणि तिचा श्वास संथ होता. मी खुशीत होते. तेवढ्यात माझ्या डाव्या मनगटातून गार सुरी फिरावी तसं पाणी कोपरापर्यंत चढलं.

घाईत सूट चढवताना माझंच नख पट्टीला लागलं असणार. सिलिकॉनला एवढीशी चीर पुरते, ती वाढतच जाते. मी हात दाखवला. मला वाटलं होतं प्रज्ञा घाबरेल. तिनं माझं मनगट मुठीत घट्ट धरलं, डोळ्यांत पाहिलं आणि अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. वर येताना शरीराला सावरायला वाटेत काही मिनिटं थांबावं लागतं, तिथं ती थांबली, मला थांबवलं. पूर्ण वेळ मूठ सोडली नाही.

काठावर माझी बोटं चालेनात. डब्यातली मनगटपट्टी तिनंच बसवली.

"नखं काप आधी," ती म्हणाली. मी कापली. दुसऱ्या दिवशी आम्ही परत उतरलो आणि उरलेले सगळे दिवस उतरत राहिलो.

परतल्यावर सूट गोड्या पाण्यानं धुतला, सावलीत वाळवला, पावडर लावून ठेवला. नवी सील मागवलीत. तुम्ही जाणार असाल तर माझा सल्ला एवढाच: जादा सील न्या, आणि ते बसवायचा सराव घरी करा, तिथं गार बोटांनी नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या रानापेक्षा मनगटावरची ती मूठ जास्त आठवते.

परवा रविवारी प्रज्ञाचा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता आणि तिचे दात वाजत होते. मी विचारलं, "कुठं आहेस?"

"आत्ताच वर आले," ती म्हणाली. "इंग्रिडबरोबर गेलते. नंतर बोलू का? आम्ही परत उतरतोय."