सी शादलींकडे राहिलेला वाडगा

सी शादलींनी ट्यूनिस शहराला लागून असलेल्या आमच्या मेग्रीनमध्ये फ्लॅट घेतला, तेव्हा सगळ्यात आधी घरात काय आणलं असेल, तर जेवणाचं टेबल. पलंग नाही, शेगडी नाही, पडदे नाहीत. टेबल आणि आठ खुर्च्या. आणि माणूस एकटा! टेबल जिन्यात मावेना, म्हणून दोर लावून बाल्कनीतून वर चढवलं. सगळी इमारत आपापल्या गॅलरीत उभी राहून बघत होती. एरवी आमची इमारत एवढी एकत्र आलेली मी कधी पाहिलेली नाही.

माझं दार त्यांच्या दारासमोरच. मला राहवलं नाही. "काय सी शादली, लग्नबिग्न काढलंय की काय?"

"नाही हो, लल्ला मंजिया," ते कपाळाचा घाम पुसत लाजून म्हणाले. "घर घेतलं म्हटल्यावर माणसं येणारच ना." आमच्याकडे मानाने पुरुषाला 'सी' म्हणतात, बाईला 'लल्ला'.

"येतील की," मी म्हटलं. बोलायला आपलं काय जातं?

साठी उलटेपर्यंत हा माणूस ट्यूनिस ते मार्सेय जाणाऱ्या बोटीवर वेटर होता. झोपायला बोटीवरचा बंक, आणि बोट बंदरात लागली की हल्क-अल-वादीच्या खलाशांच्या खानावळीतली खाट. स्वतःची किल्ली म्हणून कधी खिशात नव्हती. लग्नाचं विचारलं की हसायचे, "एकदा जमत आलं होतं, पण बोटीला उशीर झाला." खरं-खोटं देव जाणे. आयुष्यभराच्या पुंजीत त्यांना लांब कुठेतरी अंगण आणि लिंबाचं झाड असलेलं घर मिळत होतं. ते नको म्हणाले. शहराला चिकटून हवं, लांब कोण येणार?

आता ह्या भल्या माणसाला मेग्रीन काय चीज आहे ते कोणी सांगायचं? सकाळच्या गाडीने सगळे ट्यूनिसला, अंधार पडला की परत, आणि आल्याबरोबर खिडक्यांच्या झडपा खाली. रविवारी कुसकुस खायला ज्याची त्याची आई, ज्याची त्याची सासू, आणि त्या सगळ्या शहरातच. शहर इतकं जवळ, की इथे राहायला कुणाला सवडच होत नाही. मीही त्यातलीच. माझा नवरा नूरी तर शेजाऱ्याला सलाम करायचा तोसुद्धा किल्ली कुलपात फिरवता फिरवता.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं टेबल दिसायचं. मुद्दाम बघत नव्हते, पण भांडी घासताना डोळे काही मिटून घेता येत नाहीत. दर रविवारी ते पांढरीशुभ्र चादर अंथरायचे, आठ ताटल्या मांडायचे, हातरुमालांच्या घड्या करून पेल्यांत उभ्या करायचे. दोन पावलं मागे सरून एकदा सगळं नीट न्याहाळायचे. मग अगदी कडेच्या खुर्चीवर टेकून सार्डिनचा डबा उघडायचे आणि पावाबरोबर खायचे. आयुष्यभर लोकांना वाढलं, पण स्वतः स्वयंपाक करायची वेळ कधी आली नव्हती. ते बघून मला भडभडून यायचं, आणि चीडही यायची. अरे, बोलव ना कुणाला तरी!

का बोलवत नाहीत, ते मला फार उशिरा कळलं.

ते आले त्याच वर्षीच्या मौलिदची गोष्ट. पैगंबरांच्या जन्मदिवसाला आमच्याकडे घरोघर असीदा होतो. पाइनच्या बारीक काळ्या बिया वाटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, हात भरून येईपर्यंत ढवळत शिजवायच्या. वर पांढऱ्या सायीचा थर, त्यावर बदाम-पिस्त्यांची नक्षी. मग वाडगे निघतात ह्या दारातून त्या दारात. तुमचा वाडगा त्यांच्याकडे, त्यांचा तुमच्याकडे. आलेला वाडगा रिकामा परत करायचा नाही, एवढं आमच्याकडे दूध पिणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं.

त्या वर्षी नवा शेजारी म्हणून सगळ्या बिऱ्हाडांतून त्यांच्याकडे वाडगे गेले. माझा होता नाबलच्या कुंभारांनी घडवलेला, निळ्या माशांचा, माझ्या आईने दिलेला. मी स्वतः नेऊन दिला. "वाडग्याची काही घाई नाही हां," मी म्हटलं. असं म्हणायचंच असतं. पण सी शादलींनी ते अगदी मनावर घेतलं.

बाजारातून मिठाई आणून वाडग्यात घालून परत करता आली असती. पण नाही! घरच्या असीद्याला उत्तर घरच्या असीद्यानेच द्यायचं. आणि तो करायचा कसा, कोणाला माहीत होतं? वाडगे घासूनपुसून त्यांच्या कपाटात राहिले. महिना गेला, दोन गेले. आपला वाडगा परत मागणं म्हणजे तर आमच्याकडे अब्रूच गेली. तिसऱ्या मजल्यावरची वसीला जिन्यात भेटली की सुरू व्हायची, "बोटीवरची सवय गं! ताटल्या गोळा करायच्या, परत द्यायच्या नाहीत." मी हसायचे. हसू येण्यासारखंच बोलायची ती.

मधल्या काळात त्यांच्या दोरीवर काळी पडलेली फडकी वाळताना दिसू लागली. अधूनमधून करपल्याचा वास यायचा.

"काय सी शादली, शाई गाळता की काय?"

"शिकतोय, लल्ला मंजिया. गाठी फार होतात."

"आच मंद ठेवा. आणि हात थांबवू नका."

आत जाऊन दाखवून आले असते तर? पण एकट्या पुरुषाचं घर, आणि वरती वसीला. मी दारातूनच शिकवलं.

दुसऱ्या मौलिदला त्यांच्याकडे कोणीही वाडगा पाठवला नाही. आधीचेच कुठे आलेत, असं सगळ्यांचं म्हणणं. आणि त्याच सकाळी सी शादली वेटरचा पांढरा कोट चढवून, तळहातावर तबक तोलून, जिना चढताना दिसले. प्रत्येकाचा वाडगा बरोबर त्याच्या त्याच्या दारात, भरलेला, नक्षी तर आमच्यापेक्षा सुबक. वसीलाने चाखून पाहिला. "जरा करपलाय," म्हणाली, पण चाटूनपुसून खाल्ला. सगळ्यांनी आभार मानले आणि दारं लावून घेतली. ज्याचं त्याला मिळालं, मिटलं. स्वतःच्या भांड्यातून दिला असता, तर ते परत करायला तरी कोणी त्यांच्या दारात गेलं असतं!

माझ्या दारात मात्र ते आलेच नाहीत. नूरी म्हणाला, "सगळ्यांत देखणा वाडगा तुझाच. ठेवून घेतला त्याने."

मला राग आला. आईचा वाडगा होता तो. पण मागायची लाज. त्या हिवाळ्यात सी शादलींचं दार सदा अर्धवट उघडं असायचं. इतक्या थंडीत दार कशाला उघडं टाकतात, म्हणून मी मनातल्या मनात नावं ठेवायचे, आणि दोन ढांगांत समोरून निघून जायचे.

उन्हाळा लागता लागता एका सकाळी खाली टेम्पो उभा राहिला. टेबल पुन्हा दोराने लटकलं, ह्या वेळी खाली उतरायला. गॅलऱ्या रिकाम्या होत्या, सगळे कामावर गेले होते. मी दार उघडलं, तर समोर सी शादली. हातात माझा निळ्या माशांचा वाडगा.

"घर विकलं, लल्ला मंजिया. हल्क-अल-वादीच्या खानावळीत जातोय परत. तिथे भांडायला तरी माणसं आहेत." त्यांनी वाडगा पुढे केला. "हा मुद्दाम ठेवला होता. म्हटलं, वाडगा मागायला तरी याल. आलात की टेबलाशी बसवीन."

"अहो, मग बोलवायचं ना साधं! तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"आधी तुमचे वाडगे अडकवून बसलो होतो, कुठल्या तोंडाने बोलावणार? आणि नंतर..." ते ओशाळं हसले. "बोटीवर घंटा वाजली की माणसं आपोआप टेबलाशी यायची हो. बोलवायची सवयच नाही मला."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडते. "रिकामा वाडगा मी घेत नसते!"

"शेगडीसुद्धा विकली, लल्ला. आज काय घालू त्यात?"

"मग घेऊन जा तो. मौलिदला भरून आणा. माझ्याकडेही टेबल आहे."

त्यांनी वाडगा छातीशी धरला, मान हलवली आणि म्हणाले, "येईन की."

तो सूर मी ओळखला. माझाच होता, टेबल वर चढलं त्या दिवशीचा.

टेम्पोत पुढच्या सीटवर ते मांडीवर वाडगा घेऊन बसले होते. वरून मला एवढंच दिसलं.

त्यांच्या फ्लॅटमध्ये आता एक तरुण जोडपं राहतं. सकाळच्या गाडीने जातं, रात्री येतं. त्यांची नावंही मला अजून ठाऊक नाहीत. उद्या मौलिद. आमच्या दाराची घंटा कित्येक वर्षं बंद होती, कोणी येतच नव्हतं तर करायची काय? परवा नूरीच्या मागे लागून मी ती दुरुस्त करून घेतली. वाजते की नाही, ते मीच बाहेर जाऊन दोनदा दाबून पाहिलं.