धोंडुबाईचा कोबाल्टचा शेक

पलूसच्या आसपासच्या बाया धोंडुबाई कासारणीपुढं निर्धास्त हात करायच्या. कितीही जाड हात असो, तिच्याकडून कधी बांगडी टिचली नाही. डोक्यावर पेटी, तोंडात तंबाखूची मिश्री, अशी ती गावोगाव हिंडायची.

त्र्याण्णव साली तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा उठला. तिखट लागलं की आग व्हायची. तिनं तूप लावलं, हळद लावली, पण बोलली कुणाला नाही. दिवाळीला आई चटणीकडं बघेना, तेव्हा सांगलीत बी.एस्सी. करणाऱ्या लेकीला, विजयमालाला, शंका आली. तिनं आईला एसटीत घालून मिरजेला नेलं. तुकडा काढून तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर आहे. पण वेळेत आलात. कोबाल्टचा शेक देऊ."

बाहेर बाकावर बसून धोंडुबाईनं लेकीला विचारलं, "शेक म्हंजे डागत्यात का गं?"

"न्हाई आई. कोबाल्ट हा धातू हाय, लोखंडाच्या भावकीतला. लोखंडासारखं त्यालाबी चुंबक ओढतं. तुझ्या निळ्या बांगड्यांच्या काचेत रंगासाठी चिमूटभर त्योच घालत्यात."

"आन् त्यो चट्टा जाळतुय व्हय?"

"काचेतला न्हाई. दवाखान्यातला अणुभट्टीत ठेवून आणल्याला असतो. त्यातनं किरणं निघत्यात, डोळ्याला न दिसणारी. जत्रंतल्या गॅसबत्तीच्या जाळीत थोरियम असतं, त्येबी किरणं सोडतं, पर अगदी जराशी. ही लय जोराची, म्हणून मशीन शिशानं मढवल्यालं असतं."

धोंडुबाईला निम्मंअर्धंच समजलं. पण बांगडीतला धातू म्हटल्यावर त्याची भीती थोडी उतरली.

रोज जाड भिंतींच्या खोलीत तिला निजवून गालावर जांभळ्या शाईच्या खुणा करत आणि सगळे बाहेर जात. चटका नाही, कळ नाही. हाल व्हायचे ते नंतर. तोंड सोलून निघालं, गाल काळवंडला, पाणीसुद्धा कडू लागू लागलं. रोज मिरजेला जाणं सोपं पडावं म्हणून माधवनगरला नणंद हरणाबाईकडं ती उतरली होती. एका सकाळी तिनं अंथरूणच सोडलं नाही.

"वन्सं, म्या आता जात न्हाई. बास झालं."

हरणाबाईनं गार केलेली आंबील तिच्यापुढं ठेवली. "वैनी, माझ्या बाळंतपणात तू माझं धुणं धुतलंस. आता माझं येवढं ऐक. पी आन् ऊठ."

धोंडुबाई रडत रडत प्याली, आणि उठली.

दीडेक महिन्यानं शेक संपला. चट्टा गेला. तोंडाची कोरड मात्र कायमची राहिली, पाण्याचा तांब्या सोबत लागायचा. वर्षानं डॉक्टरांनी "छान आहे" म्हटलं, तेव्हा तिनं खोलीबाहेरून त्या मशीनला हात जोडले आणि तिथल्या नर्सबाईंना बळंच चुडा भरला.

मिश्री सुटली. पुन्हा पेटी घेऊन फिरताना मात्र बांगड्या भरायच्या आधी ती म्हणायची, "आ कर बगू." बाया हसायच्या, तरी तोंड उघडायच्या. एका गावात शालूबाईच्या जिभेखाली तिला तसाच पांढरा चट्टा दिसला. शालूबाई घाबरून रडायला लागली.

"रडतीस कशाला? माज्याकडं बग की," धोंडुबाई म्हणाली. तिनं पेटी तिथल्याच एका घरी ठेवली आणि शालूबाईला घेऊन मिरजेची गाडी धरली.