मी रुसलो, पण फोन नाही रुसला

चहा पिऊन घ्या आधी. नंतर कोणाच्या नाकातून चहा आला, तर मले बोल लावायचा नाही! माणसाची फजिती दुसरा माणूस करते, हे तुम्ही पाहिलं असंल. माझी फजिती माझ्याच खिशातल्या फोननं केली बाप्पा. आणि तीही अशी, का सासरी आजपर्यंत माझा जयजयकार चालू आहे!

मी भिलाईले, प्लांटात, रोलिंग मिलमध्ये. शिफ्टमध्ये फोन लॉकरात ठेवा लागते. ठेवला नाही तरी काय, तिथं लोखंड असं गरजते का कानापाशी ढोल वाजवला तरी कळत नाही.

आमच्या सेक्टरात मराठी मंडळ आहे. मागच्या साली मी सचिवपदाले उभा राहिलो. आता प्रचाराच्या दिवसात मतदाराचा फोन आला अन् आपण उचलला नाही, तर मत गेलंच ना जी? मिलमधल्या जोडीदारानं युक्ती सांगितली. म्हणे, फोनात सोय असते, कॉल उचलला नाही का समोरच्याले आपोआप मेसेज जाते. मजकूर मी स्वतः लिहिला. अख्खी साप्ताहिक सुट्टी घातली त्याच्यात!

"नमस्कार. कामात असल्यामुळे फोन घेता आला नाही, क्षमा असावी. आपण माझ्या घरचेच आहात. आपले काम ते माझे काम. निश्चिंत राहा, मी आहे."

काय? आहे का नाही वजनदार? तरी वानखेडेभाऊनं मले पाडलं, ते सोडा. निवडणूक संपली अन् मी मेसेज विसरून गेलो. फोन नाही विसरला.

तुम्ही म्हणाल, मंग इतके दिवस कोणी काही बोललं कसं नाही? अहो, साधा मेसेज आजकाल वाचते कोण? सगळे व्हॉट्सॲपवर. चष्मा लावून एकूण एक मेसेज वाचणारं माणूस जगात एकच उरलं आहे. माझी सासू! अन् ती एरवी फोन करायची तो वनिताले, मले नाही. तिच्यापाशी बटनाचा फोन.

सासर माझं दुर्गले, मोहन नगरात. माझी बायको वनिता सगळ्यात मोठी, म्हणून मी मोठा जवाई. धाकट्या बहिणीचा नवरा संजय, म्हणजे माझा साडभाऊ, तो कुम्हारीले राहते. आणि पंकज हा एकुलता एक साळा. या पंकजचं लग्न ठरलं, अन् तेही दुर्गलेच, सासऱ्याच्या दारी.

आमच्यात मोठ्या जवायाले पत्रिका कशी देतात माहीत आहे ना? सासऱ्यानं घरी यायचं, कुंकू लावायचं, पत्रिकेवर सुपारी ठेवून हातात द्यायची. जवायानं "कशाले तकलीफ घेतली" म्हणायचं अन् आतून फुगायचं. मले पत्रिका कशी आली? व्हॉट्सॲपवर! आणि त्याच दिवशी संजयनं ग्रुपवर फोटो टाकला. कपाळाले कुंकू, हातात पत्रिका, बाजूले सासरे, अन् हा दात काढून उभा!

माझं टाळकं सरकलं.

"अहो, बाबा खरेदीले रायपूरले चालले होते," वनिता म्हणाली. "कुम्हारीचं घर अगदी रस्त्यात पडते, सेक्टरासारखं आत वळा लागत नाही, म्हणून देऊन टाकली. आपल्याकडं येतील ना रविवारी."

"रस्त्यात पडते? आता जवायाचा मान रस्ता पाहून ठरून राहिला काय?"

"हळू बोला. शेजारचे ऐकून राहिले."

"ऐकू दे! कोणी घरी येऊन, माझा हात धरून नेल्याशिवाय मी त्या मांडवात पाय ठेवणार नाही!"

बोललो अन् बोलून फसलो. कारण वनिता भांडली नाही. ती भांडली असती तर बरं होतं. पदर डोळ्याले लावून म्हणाली, "एकच भाऊ आहे मले. लोक विचारतील, मोठे जवाई कुठं आहेत. मी काय तोंड दाखवू?" खरं सांगतो, येतो म्हणावंसं वाटलं. पण शब्द निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून माहेरी निघून गेली. जाताना इतकंच म्हणाली, "फ्रिजमध्ये वरण आहे."

आता मी रुसलो होतो. रुसल्याचं पहिलं काम काय? फोन न उचलणं! सासूबाईचा फोन आला. मी टेबलावर ठेवला अन् समोर खुर्ची टाकून बसलो. वाजून राहिला, वाजून राहिला. काय गोड वाटत होतं! म्हटलं, आता कळंल. संध्याकाळी परत आला. परत नाही उचलला.

तुमच्या ध्यानात आलं असंल. माझ्या नाही आलं!

इकडं मी राग दाखवून राहिलो होतो, अन् तिकडं सासूबाई वाचून राहिल्या होत्या, "आपण माझ्या घरचेच आहात." त्याईनं सासऱ्याले सांगितलं, "अहो, जवाईबापू म्हणते आपण घरचेच आहो. घरच्या माणसाले कशाची पत्रिका अन् कशाची सुपारी? त्याईनंच माफी मागितली उलट. किती समजदार माणूस!" वनितानं लाजेपायी माझ्या रुसण्याचं तिथं काही सांगितलं नव्हतं. सासऱ्याचे गुडघे दुखत होते. त्याईले आनंदच झाला.

मी रविवारी दाढी करून, इस्तरीचा शर्ट घालून बसलो. पोहेही भिजवले. रिक्षाचा आवाज आला का उठून पडद्याआडून पाहायचो. कोणी आलं नाही. पोहे मीच खाल्ले, जेवायच्या वेळेपर्यंत.

मंग फोन वाढले. सासरे, पंकज, परत सासूबाई. एकाचाही उचलला नाही. नंतर तर अनोळखी नंबरवरून येऊ लागले! मिलमध्ये जोडीदाराले दाखवले.

"पाह्य, नंबर बदलून मनधरणी करून राहिले! पूर्ण खानदान हात जोडून उभं आहे!"

"उचल ना बे एखादा," तो म्हणे.

"कावून उचलू? दारात येऊ दे त्याईले."

अहो, ते नंबर आचाऱ्याचे, टँकरवाल्याचे, बँडवाल्याचे होते! सासूबाईनं सगळ्यायले सांगून ठेवलं होतं, "काही लागलं तर आमच्या मोठ्या जवायाले फोन करा. ते म्हणतात, तुमचं काम ते माझं काम." मंग काय! ज्यानं फोन केला, त्याले माझ्याकडून शब्द मिळाला. निश्चिंत राहा, मी आहे!

बायकोचा फोन मात्र मी एका घंटीत उचलला असता. तो न उचलायची हिंमत कोणात आहे? पण ती करतच नव्हती.

लग्नाचा दिवस उजाडला. मुहूर्त दुपारचा होता. मी बनियनवर बसून, नव्या सफारीकडं पाहून राहिलो होतो. सफारी मी का शिवला असंल? जायचंच तर होतं ना! फक्त कोणीतरी या म्हणायले पाहिजे होतं. तितक्यात दार वाजलं. माझी छाती फुगली. आले! चेहऱ्यावर राग आणला, दार उघडलं.

दारात आचारी. खांद्यावर गमछा, घामानं चिंब.

"साहब, गैस की टंकी किधर है?"

"कोणती टंकी?"

"शादी वाली! न टंकी है, न बड़ा गंज, न पानी का टैंकर. कढ़ाई में क्या मैं बैठूँ? परसों आपको फोन लगाया, आपने लिखा निश्चिंत राहा. मैं निश्चिंत हो गया!"

"मी लिहिलं?"

त्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. नमस्कार. कामात असल्यामुळे. क्षमा असावी. एकेक ओळ माझीच! मी धावत जाऊन माझ्या फोनातले मेसेज उघडले, तर काय! सासूबाईले, सासऱ्याले, पंकजले, टँकरवाल्याले, सगळ्यायले माझ्या प्रेमाचा पूर गेला होता. मी घरात तोंड फुगवून बसलो होतो, अन् फोन माझ्या नावानं दुर्गभर सगळ्यायचं तोंड गोड करत फिरत होता!

आणि तिकडं मांडवात नवरीकडचं वऱ्हाड येऊन बसणार, पंगतीत पानं मांडलेली अन् चूल थंडी! लोक वनितालेच विचारणार, तुझ्या नवऱ्यानं शब्द दिला होता ना? त्या बाईचं तोंड डोळ्यासमोर आलं अन् माझा राग कुठं पळाला, मलेच दिसला नाही.

स्वयंपाकाचे मोठे गंज, म्हणजे पातेले, गॅसच्या टाक्या, शेगड्या कोणापाशी असतात? आमच्या मंडळापाशी, महाप्रसादाच्या. आणि किल्ली कोणापाशी? सचिवापाशी. म्हणजे वानखेडेभाऊपाशी, ज्याईच्याशी मी निवडणुकीपासून बोलत नव्हतो. लावला फोन.

"वानखेडेभाऊ, माझी इज्जत तुमच्या हातात आहे."

सगळं ऐकून ते काय म्हणाले असतील? "निश्चिंत राहा. तुमचं काम ते माझं काम." त्या वेळेले मले काही खटकलं नाही. डोळे भरून आले होते ना!

टेम्पो आणला, सामान चढवलं. वानखेडेभाऊ ओळखीचा टँकर घेऊन स्वतः मागं निघाले. मी सफारी घालून टाक्यांवर बसलो, आचारी गंजात बसला, अन् निघालो दुर्गले. मांडवापाशी टेम्पो थांबला. आचाऱ्याले घाई. "चलो साहब, जल्दी!" म्हणून त्यानं माझा हात धरला अन् ओढतच मांडवात नेलं.

पाहिलं? घरी येऊन, हात धरून नेलं ना? शपथही पूर्ण झाली!

आणि मंग काय स्वागत! घाम गाळत शेगड्या लावणारा मोठा जवाई पाहून सासऱ्यानं गुडघे विसरून धाव घेतली. स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. सासूबाईनं ओवाळलं. बँडवाल्यानं माझ्यासाठी वेगळं वाजवलं. पंकज म्हणे, "भाऊजी, तुम्ही होते म्हणून!" आणि वनिता? वनिता खांबाले टेकून माझ्याकडं पाहून राहिली होती, नाकाचा शेंडा लाल. राजा असल्यासारखं वाटलं मले, खरंच!

पंगती उठल्यावर सासूबाईनं माईक मागितला. आयुष्यात कधी माईक न धरलेली बाई! चष्मा लावला, बटनाचा फोन काढला, अन् म्हणाल्या, "जवाई कसा असावा, ऐका." आणि माझा मेसेज सुरुवातीपासून वाचला. बायाईनं डोळे पुसले. टाळ्या पडल्या. मी फेटा सावरला.

वानखेडेभाऊ माझ्या बाजूलेच उभे होते. कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, हे भाषण मले प्रचारात आलं होतं."

"भाऊ, जिलबी घ्या," मी म्हटलं.

घेतली त्याईनं. दोन वेळा घेतली अन् चूप राहिले. त्या दिवसापासून आमची दोस्ती घट्ट आहे.

आणि साडभाऊ? मोठ्याले फेटा अन् मले काही नाही, म्हणून तो आपल्या गाडीत रुसून बसला! सासरे फोन लावून थकले. उचलतच नव्हता, आणि त्याच्या फोनात काही सोयही नव्हती. शेवटी मीच गेलो, समजूत काढून आणलं. मोठ्या माणसाले मोठं मन ठेवा लागते ना!

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं, तो मेसेज बंद करून टाकला. सासूबाईचा फोन आला का स्वतः उचलू लागलो. "हां, बोला. हो. बरं. शिफ्ट आहे. ठेवतो."

थोडे दिवस गेले अन् एका संध्याकाळी वनिता माझ्यासमोर येऊन बसली. माझा फोन तिच्या हातात. सगळे गेलेले मेसेज उघडे.

"आई रडून राहिली होती," ती म्हणाली. "म्हणे, जवाईबापूले काय झालं गं? पयले किती गोड होते, आता तुसड्यासारखं बोलतात. काही चुकलं काय आमचं?"

मी फोन हातात घेतला. तिच्यासमोरच मेसेज परत चालू केला.

आता सासूबाईचा फोन वाजला अन् माझा हात जरा जरी पुढं गेला, का वनिता मनगट धरते.

"तुम्ही थांबा," म्हणते. "जवाईबापूले बोलू द्या."