पाच लॉगिनांची वेबसाइट

विद्यापीठात फाइल सरकत नाही, पण तिच्यावर धुळीपेक्षा जास्त किस्से साचतात. माझ्याकडे इतके साचलेत की त्यांनाच वेगळा सर्व्हर लागेल!

परदेशात शिकून मी नांदेड आणि लातूरच्या मधल्या एका विद्यापीठात रुजू झालो. डोक्यात एकच खूळ: एका कागदासाठी पोरांना एसटीनं इथवर यावं लागू नये. निकाल, गुणपत्रक, सगळं वेबसाइटवर.

त्याला डेटाबेस सर्व्हर हवा, म्हणजे सगळ्यांचे गुण साठवून मागेल त्याला दाखवणारं सॉफ्टवेअर. मी तावातावानं एक फुकटचा, पण उत्तम सुचवला. खरेदी समितीचे अध्यक्ष दचकलेच.

"फुकट? मग आम्ही काय करून राहिलो इथं? तीन कोटेशनं आणा!"

मी चिडून शून्य रुपयांची तीन कोटेशनं आणली. समितीनं ती गंभीरपणे तपासली. शेरा आला, "तिन्ही दर समान. संगनमताचा संशय!"

*

म्हणजे विकतचाच घ्यायचा. पुण्याहून कंपनीचा माणूस आला. त्यानं वर्षभराच्या लायसन्सचा आकडा सांगितला. आमच्या वित्त अधिकाऱ्यांनी बंद पंख्याकडे बोट दाखवलं.

"इथं रोज लाइट जाते. तेवढे तास वजा करा की!"

त्याला वाटलं विनोद आहे. तो हसला. बैठक महिनाभर पुढे गेली.

*

शेवटी कळलं, एका वेळी किती जण वेबसाइटच्या आत जाणार त्यावर लायसन्सची किंमत ठरते. विद्यार्थी हजारो.

"पाचाचं घ्या," वित्त अधिकारी म्हणाले. "पोरांना म्हणावं, दमानं या."

*

उद्घाटन झालं. छापील गुणपत्रकं त्याच दिवशी बंद! पाचही लॉगिन कुलगुरूंसकट पाच साहेबांनी धरले, ते सुटेचनात. जेवायला गेले तरी स्क्रीन चालूच. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात ना, तसं.

एक दिवस देगलूरची एक मुलगी धापा टाकत आली. एम.एस्सी.च्या प्रवेशाचा शेवटचा दिवस, आणि मोबाइलवर सकाळपासून एकच उत्तर: जागा नाही.

"सर, पाचच्या आत गुणपत्रक न्हाई भेटलं तर सीट गेली माझी!"

मी पाचही केबिनना फोन लावले. कुणी उचलेना. आमचे क्लार्क गफारभाई उठले आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून ओरडले,

"अहो, कुणीतरी एक जण उतरा! देगलूरची पोरगी चढायची हाय!"

कुलगुरूंच्या केबिनमधून पी.ए. धावत बाहेर आले.

"हळू बोला गफारभाई! साहेब काय उभ्यानं जातील का?"