विहिरीभोवतीची नावं

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि त्याचा तोरा गल्लीबोळांतही दिसत होता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने 'जिल्हा हॉटेल' अशी नवी पाटी लावली, न्हाव्याने मोठा आरसा आणला आणि घरमालकांनी भाडी वाढवली. आमचे हे नांदेडला कारकून होते. नव्या जिल्ह्याला माणसं हवी होती म्हणून त्यांची इकडे बदली झाली. कचेरी आली, साहेब आले, फायलींचे गठ्ठे आले. पाणी तेवढं आलं नाही.

त्या वर्षी दुष्काळ होता. आठ दिवसांतून एकदा नळ यायचा, तोही आधी अर्धा तास नुसती हवा सोडून. टँकर आला की चांगल्या घरच्या बायका एकमेकींना काय काय बोलू शकतात, ते मी त्या गल्लीत ऐकलं. ऐकलं म्हणजे बोललेही. माझी जीभ माहेरापासूनच तिखट.

गल्लीच्या टोकाला एक विहीर होती. ती काकांची; सगळी गल्ली ज्यांना काका म्हणायची, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची. आमची सगळी गल्लीच मुळात काकांचं शेत. प्लॉट पाडून त्यांनी ते विकलं होतं, पण सकाळी उठून आमच्या दारांवरून अजून बांधावरून फिरल्यासारखे फिरायचे. कुणाच्या दारात पाणी सांडलेलं दिसलं की थांबून बघत राहायचे. नळ आल्यावर विहिरीकडे कुणी फिरकेना. विटांचे तुकडे, फुटके माठ, घरातली नको ती अडगळ लोकांनी तिच्यात टाकली. गाळाखाली जिवंत झरा आहे, असं काका शपथेवर सांगायचे.

तर टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या सरांनी विषय काढला. ते आमच्याच गल्लीतले. एका रविवारी पस्तीसच्या पस्तीस घरांनी मिळून गाळ काढायचा, दुपारी विहिरीवरच झुणका-भाकर करायची, आणि पाणी लागलं तर ते सगळ्यांचं. काका मान हलवून हो म्हणाले. लोकांना पटावं, सगळ्यांनी यावं म्हणून छापील पत्रक वाटायचं आणि भिंतींवरही लिहायचं ठरलं. माझं अक्षर चांगलं आणि चित्रकलेच्या सरकारी परीक्षा झालेल्या, हे गल्लीला ठाऊक होतं, कारण निम्म्या गल्लीच्या पोरींचे शाळेचे तक्ते मीच काढून दिले होते. ते काम माझ्याकडे आलं.

मी हो म्हटलं, पण मनात वेगळंच चाललं होतं. आम्ही बौद्ध. गल्लीत आमचं एकच घर. टँकरच्या रांगेत मला कुणी कधी काही म्हटलं नव्हतं, कारण टँकर सरकारचा. विहीर मात्र काकांची. 'पाणी सगळ्यांचं' हे बैठकीत म्हणणं निराळं आणि काठावर उभं राहून दोर हातात धरणं निराळं. गाळ काढायला मी जाणार, भाकरी थापणार, पत्रकही काढणार; पण पाणी लागल्यावर माझी घागर तिथे भरली जाईल का, हे मला कळायला हवं होतं आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "कायदा आपल्या बाजूनं आहे." मी म्हटलं, "कायदा आहे हो, पण पोहरा काकांच्या घरात आहे."

पत्रकाचं काम सुरू झालं आणि नमनालाच घडाभर तेल गेलं. आमच्याकडे पत्रक म्हटलं की खाली 'आपले विनीत' आलं आणि त्याखाली नावं आली. मजकूर कुणी वाचत नाही. आपलं नाव कितवं, एवढं बघतात. मी यादी घेऊन दारोदार फिरले. एक जण म्हणाले, पहिलं नाव काकांचं, ठीक. दुसरं माझं हवं, मी सगळ्यात आधी प्लॉट घेतला. दुसरे म्हणाले, आमचे मेहुणे कचेरीत बसतात. तिसऱ्यांनी तर "बाई, आपल्याला न्हाई मानपानाचा शौक," असं म्हणत म्हणत स्वतःचं नाव आठव्यावरून तिसऱ्यावर नेलं. चार दिवसांत यादी पाच वेळा फाडली. (ती नावं मी इथेही देत नाही. इतक्या वर्षांनी पुन्हा ते भांडण नको.)

पाचव्यांदा मी संतापले. कागदाच्या मधोमध एक मोठं वर्तुळ काढलं, आत पाणी दाखवलं आणि विहिरीच्या काठाने नावं गोल लिहीत गेले. बघा आता, कोण पहिलं आणि कोण शेवटचं! सरांना दाखवलं. त्यांनी कागद हातात घेऊन स्टिअरिंग फिरवावं तसा फिरवला आणि इतके हसले की त्यांच्या क्लासमधल्या दहाही टाइपरायटरांची टकटक थांबली.

छापखानेवाला म्हणाला, "गोल खिळे कुठून आणू, बाई? माझे अक्षरांचे खिळे सरळच चालतात." मग सरांच्या सायक्लोस्टाइल यंत्राचा आसरा घेतला. मेणाच्या कागदाची स्टेन्सिल असते. टोकदार लेखणीने त्यावर कोरायचं, कोरलेल्या जागेतून शाई उतरते. मी पहिल्याच फटक्यात झोकात वर्तुळ कोरलं आणि कागद उचलला, तर अख्खी विहीर कापली जाऊन सरांच्या टेबलावर पडली. दुसऱ्या स्टेन्सिलवर शहाणपण आलं. काठाचे दगड सुटे सुटे काढले आणि भोवती एकेक नाव, हलक्या हाताने. दोनशे प्रती निघाल्या; पाहुण्यांना दाखवायला म्हणून घरटी पाच-सहा तरी हव्याच होत्या. शेवटी शेवटी स्टेन्सिल फाटली, पण काम झालं होतं. भिंतींवर चुन्याचा हात दिला, कपड्यांची नीळ कालवून पुन्हा तीच विहीर काढली आणि खाली लिहिलं, 'रविवारी सकाळी, टोपलं घेऊन या.' लोक थांबून मान वाकडी करून आपलं नाव शोधायचे आणि सापडलं की मान सरळ व्हायची. मला फार आनंद होत होता.

पत्रकं वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी काका दारात उभे. हातात पत्रक, घडी घालून घालून मऊ झालेलं.

"बाई, ह्यात किती घरं हायती?"

"पस्तीस की, काका."

"चौतीस हायती. मी दोनदा मोजलो. आधी वाटलं, माझंच ऱ्हायलं काय की. पर माझं हाय. मग तुमच्या काकूनं सांगितली, बाईचं सोताचं न्हाई ह्यात."

मी पत्रक घेतलं. बोट ठेवत ठेवत एक फेरी केली. नव्हतं. मी खरंच विसरले होते, आणि हे सांगताना मला आजही लाज वाटते. भीतीने मुद्दाम गाळलं असतं तर निदान मला ठाऊक तरी असतं. चौतीस घरांची नावं मी सुबक कोरली आणि विहिरीच्या काठावर स्वतःचं नाव लिहायला माझा हात आपोआप गेलाच नाही. लोह्याकडच्या आमच्या खेड्यात ओढ्यातला झिरा आटला की आई पाटलांच्या विहिरीशी जायची. काठापासून पाच-सात पावलांवर घागर ठेवून उभी राहायची. कुणाला दया आली की वरून धार धरायचे. मी तिच्या लुगड्याला धरून ते बघत मोठी झाले. पुढे शिकले, चांगलं नेसले, बदलीच्या गावी आले, पण हात अजून तिथेच उभा होता.

"राहिलं खरं," मी म्हटलं. "असू द्या आता. जागाही उरली नाही गोलात."

काका चिडले. "जागा न्हाई म्हंजे? बसमधी काय म्हनतो आपन? सरकून बसा की म्हनतो. मग सांगा सगळ्यायला, सरका म्हनून जरा!"

काका काही संत नव्हते. माझ्या घरचा चहा त्यांनी तोवर कधी घेतला नव्हता. पुढे केला की "आत्ताच झाला" म्हणायचे, आणि त्या दिवशीही तेच म्हणाले. पण तिथून निघाले ते थेट गल्लीत गेले आणि वाटलेली पत्रकं घरोघरी जाऊन परत मागायला लागले. "द्या इकडं, चुकलंय त्यात." संध्याकाळपर्यंत गठ्ठा माझ्या ओट्यावर. गोलात काकांच्या आणि शेजारच्या नावामध्ये बोटभर फट होती. तिथे मी बारीक अक्षरात आमचं नाव लिहीत बसले. पन्नासेक झाल्यावर सर येऊन बसले, मग ज्यांनी तिसरं नाव मिळवलं होतं ते गृहस्थही लेखणी घेऊन आले. त्यांचं अक्षर भयंकर होतं. एका वहिनींनी पत्रक परत दिलं नाही, कारण ते त्यांनी खळ लावून पिठाच्या डब्याला चिकटवलं होतं. तिथे मला घरात नेलं आणि डब्यावरच लिहायला लावलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाऊल टाकलं.

रविवारी सगळी आली असं नाही. चार घरांची दारं लोटलेली राहिली, आणि ती का ते कुणी विचारलं नाही. बाकी टोपली घेऊन ओळीने उभे राहिले. खालून गाळ, हातोहात वर, तिथून रस्त्यापलीकडे. विहिरीतून काय नाही निघालं! चपला, खलबत्ता, एक शिवणयंत्राचं चाक आणि कुणाचा तरी पितळी तांब्या, ज्यावर नाव कोरलेलं असूनही तो आमचा म्हणायला कुणी तयार होईना. दुपारी सगळ्या घरच्या भाकरी एकाच दुरडीत पडल्या. कुठली कुणाची हे कळायला मार्ग नव्हता. काकांनी तीन खाल्ल्या. मी मोजत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळाला दीड पुरुष पाणी उभं होतं. काका खरं बोलत होते.

आईला मी आधीच पत्र टाकून बोलावून घेतलं होतं. लोह्याहून एस.टी.ने ती त्याच दिवशी आली. भिंतीवरच्या निळ्या विहिरीपुढे उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "आपलं कोन्तं?" म्हणाली. भिंतीवर मी आमचं नाव नंतर घातलं होतं, तिथलं निळं जरा गडद आलं होतं. तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. तिने ते पुसलं जाऊ नये अशा बेताने बोट उचललं.

मग आम्ही घागरी घेऊन विहिरीवर गेलो. सात-आठ बायका काठावर होत्या. मी थेट काठाकडे चालत गेले. मागे वळून बघते तर आई सोबत नाही. काठापासून पाच-सात पावलांवर तिने घागर खाली ठेवली होती आणि पदर सारखा करून उभी होती, कुणीतरी धार धरेल म्हणून.

बायका वळून बघायला लागल्या. मला तर ओरडावं की रडावं ते कळेना. काकू दोर हातात धरून होत्या. त्यांनी शेजारणीला कोपर मारलं.

"सर गं जरा तिकडं." मग आईकडे बघून मोठ्याने, "अक्का, तिथं कामून थांबल्याव? या की. मला का एवढा दोर वढवतोय व्हय ह्या वयात?"

आईने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. आली. काकूंनी दोर तिच्या हातात दिला. तिने पोहरा खाली सोडला, तो पाण्यावर टेकला आणि तिथेच तरंगत राहिला. तिने दोर सैल सोडला, ताणला, पुन्हा सैल सोडला. पोहरा बुडेना.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. साठीच्या बाईने जन्मभर पाणी वाहिलं होतं, पण विहिरीतून कधी शेंदलं नव्हतं. पोहरा बुडवायला मनगटाचा एक हिसका लागतो. तो तिला कुणी शिकवलाच नव्हता.

"असं करा, अक्का," काकूंनी तिच्या हातावर हात ठेवला. "वर घ्यायचं अन् आडवं सोडायचं. हिसका द्या. द्या की!"

दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा पोहरा कलंडला, गटकन भरला आणि दोर जड झाला. आई हसली. अशी हसलेली मी तिला क्वचितच पाहिली होती.

आमच्या दोन घागरी भरल्या, मग कळशी आणली, मग बादली, मग डाळीचा डबा रिकामा करून तोही. घरात भांडं उरलं नाही. तरी ती घरी यायला तयार होईना. उन्हं कलल्यावर मी तिला बोलवायला गेले, तेव्हा आई काठावर पाय रोवून उभी होती आणि बायकांच्या घागरी एकेक करून भरून देत होती.