निम्म्या चेहऱ्याचा फोटो
फोटो धुण्याच्या हायपोचा आंबट वास आला की शेवगावचा माझा स्टुडिओ आठवतो आणि स्वतःचाच संताप येतो. दुष्काळाच्या साली एक मुलगी स्थळाला दाखवायचा फोटो काढायला आईबरोबर आली. एका नामांकित छायाचित्रकारासारखा खिडकीच्या उजेडात निम्मा चेहरा पकडायचं माझ्या डोक्यात होतं, म्हणून मी दिवे लावलेच नाहीत. फोटो पाहून आई म्हणाली, "आन् दुसरा डोळा कुठं हाय?" "मावशी, ही कला आहे," मी खेकसलो. पोरीला एकच डोळा असणार, असं समजून पाहुण्यांनी नकार कळवला. ती मुलगी परत आली, म्हणाली, "दादा, ह्या बारीला दोन्ही डोळे येऊ द्या." मी कुरकुरतच दिवे लावले. पहिला फोटो अजून माझ्या भिंतीवर आहे. लोक उजेडाचं कौतुक करतात, मोडलेल्या सोयरिकीचं मी आजवर कुणाला सांगितलं नाही.